फिजीतील संमिश्र सरकारे

संमिश्र सरकार हा शब्द आपल्याकडे फारशा आदराने उच्चारला जात नाही. आवळ्याभोपळ्याची मोट म्हणून त्याची संभावना होते, आणि ती मोट कधी सुटते याची वाट पाहण्यात वृत्तपत्रांचे रकाने भरतात. दक्षिण प्रशांत महासागरातील फिजी या द्वीपराष्ट्रात मात्र याच शब्दाशी एका देशाचे भवितव्य बांधलेले राहिले. दोन जमातींच्या प्रतिनिधींनी एका मंत्रिमंडळात बसावे की नाही, आणि बसावे तर कोणत्या अटींवर, हा तेथील राजकारणाचा मूळ प्रश्न. त्याच्या अवतीभोवती १९८७ साली दोनदा, २००० साली एकदा आणि २००६ साली एकदा तेथील सत्ता बळाने उलथविली गेली. मतपेटीचे राज्य परत आले त्या वेळीही बहुधा युतीचाच आधार त्याला घ्यावा लागला.

हा प्रश्न निर्माण कसा झाला हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. फिजी म्हणजे तीनशेहून अधिक बेटांचा समूह. त्यांतील सुमारे शंभर बेटांवर वस्ती आहे, आणि बहुसंख्य लोक व्हिती लेव्हू व व्हानुआ लेव्हू या दोन मोठ्या बेटांवर राहतात. १० ऑक्टोबर १८७४ रोजी तेथील प्रमुख सरदारांनी ही बेटे ब्रिटिश राणीच्या स्वाधीन केली. त्यानंतर आलेले गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांनी दोन धोरणे आखली. मूळ फिजी लोकांची जमीन परक्यांना विकता येऊ नये, आणि त्यांना त्यांची गावे सोडून मळ्यांवर राबावे लागू नये. हेतू चांगला होता यात शंका नाही. परंतु मग उसाचे मळे पिकवावयाचे कोणी? गॉर्डनसाहेबांनी मॉरिशस व त्रिनिदाद येथे कारभार केलेला असल्यामुळे त्यांना उत्तर शोधावे लागले नाही. १४ मे १८७९ रोजी ‘लिओनिदास’ हे जहाज कलकत्त्याहून मुदतबंद मजुरांची पहिली तुकडी घेऊन फिजीस पोहोचले. पुढे मद्रासहूनही जहाजे सुटू लागली, आणि १९१६ पर्यंत साठ हजारांवर स्त्रीपुरुष त्या मार्गाने गेले. पाच वर्षांच्या त्या ‘ॲग्रीमेंट’ला त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ असे नाव पडले.

येथे एका मराठी नावाचा उल्लेख करणे प्राप्त आहे. ही मजूरभरती मुळातच बंद करावी असा ठराव गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९१२ मध्ये मध्यवर्ती कायदे मंडळात मांडला होता. सरकारी बहुमताने तो फेटाळला गेला. तथापि चार वर्षांनी फिजीकडे जाणारे मजुरांचे शेवटचे जहाज सुटले, आणि १ जानेवारी १९२० रोजी उरलेसुरले करारही रद्द झाले. तोवर गेलेल्यांपैकी बहुसंख्य लोक तेथेच राहिले होते. त्यांनी खंडाने जमिनी घेतल्या, ऊस लावला, शाळा काढल्या. १९४६ च्या शिरगणतीत त्यांची संख्या मूळ फिजी लोकांहून अधिक भरली. त्यांच्या हाती ऊस होता, पण पायाखालची जमीन नव्हती. ती चार-पंचमांशांहून अधिक प्रमाणात मूळ फिजी कुळांच्या सामाईक मालकीची राहिली. एकाला आपली भूमी जाईल ही भीती, दुसऱ्याला खंडाची मुदत संपेल ही भीती. दोन्ही भये खरी होती, आणि दोघांच्याही पुढाऱ्यांना ती उपयोगी पडत होती.

१० ऑक्टोबर १९७० रोजी फिजी स्वतंत्र झाला त्या वेळी घटनाकारांनी ही भीती मतदार याद्यांतच उतरविली. विभक्त मतदारसंघ हा शब्द आपल्या परिचयाचा आहे; त्याचे फळ काय असते हेही आपण जाणतो. फिजीच्या ५२ जागांच्या सभागृहात २२ मूळ फिजी, २२ भारतीय व ८ इतर अशी वाटणी झाली. यांतील २७ जागांवर ज्या त्या जमातीनेच आपला प्रतिनिधी निवडावयाचा, आणि उरलेल्या २५ जागांवर उमेदवाराची जमात ठरलेली, परंतु मतदार सर्व. रातू सर कामिसेसे मारा यांचा अलायन्स पक्ष या व्यवस्थेत सुखाने राज्य करीत होता. एप्रिल १९७७ मध्ये भारतीय शेतकऱ्यांच्या बळावर उभ्या असलेल्या नॅशनल फेडरेशन पक्षाला २६ जागा मिळाल्या, म्हणजे अलायन्सपेक्षा दोन अधिक. परंतु नेता कोण, सरकार बनवावे की न बनवावे, या खलात पक्षाने काही दिवस घालविले आणि गव्हर्नर-जनरलनी मारा यांनाच पुन्हा पाचारण केले. सप्टेंबरात पुन्हा निवडणूक झाली तोवर फेडरेशन पक्ष दुभंगला होता. दारात आलेली सत्ता भाऊबंदकीने परत गेल्याचे हे उदाहरण आपल्या इतिहासाच्या वाचकांना परके वाटू नये.

१९८५ साली मजूर पक्ष निघाला आणि या राजकारणात प्रथमच जमातीबाहेरची भाषा ऐकू येऊ लागली. पक्षाचे नेते डॉ. तिमोथी बावान्द्रा हे मूळ फिजी, व्यवसायाने वैद्य, आणि व्हिती लेव्हूच्या पश्चिम भागातले. हा पश्चिमेचा तपशील महत्त्वाचा आहे. फिजीची सत्ता परंपरेने पूर्वेकडील सरदार घराण्यांकडे होती, आणि ऊस, खाणी व पर्यटन यांचा पैसा पुष्कळसा पश्चिमेत निर्माण होत होता. मजूर पक्ष व फेडरेशन पक्ष यांनी युती केली, आणि एप्रिल १९८७ मध्ये ५२ पैकी २८ जागा जिंकल्या. १३ एप्रिल रोजी बावान्द्रा पंतप्रधान झाले.

हे सरकार एक महिना टिकले. १४ मे १९८७ रोजी सकाळी दहाच्या सुमारास सुवा येथील संसदगृहात सभा चालू असता तोंडे झाकलेले दहा सशस्त्र सैनिक आत शिरले. प्रेक्षकांत साध्या वेषात बसलेला एक लेफ्टनंट कर्नल उठून पुढे आला. त्याने सरकार बरखास्त झाल्याचे सांगितले आणि पंतप्रधानांसह त्यांच्या बाजूच्या सभासदांना ट्रकांत बसवून लष्करी तळाकडे नेले. त्या अधिकाऱ्याचे नाव सितिवेनी राबुका. (फिजी भाषेत रोमन ‘बी’चा उच्चार ‘म्ब’ होतो, तेव्हा खरे म्हणजे राम्बुका, पण वृत्तपत्रांनी राबुका रूढ केले आहे, तेच येथे ठेवतो.) ‘लिओनिदास’ जहाज लागल्याला त्या दिवशी बरोबर १०८ वर्षे होत होती.

मूळ रहिवाशांच्या हक्कांचे रक्षण, असे या उठावाचे कारण देण्यात आले. परंतु पदच्युत पंतप्रधान स्वतः मूळ फिजी होता आणि मूळ लोकांच्या जमिनीला घटनेचे पक्के संरक्षण होते. तेव्हा या कारणावर किती विश्वास ठेवावा हा प्रश्न उरतोच. मला वाटते, जे उलथविले गेले ते भारतीयांचे राज्य नव्हते. जमातीच्या भिंतीला पडलेले पहिले खिंडार बुजविले गेले, आणि ते मोठे झाले असते तर ज्यांची जहागीर गेली असती त्यांना हायसे वाटले. सप्टेंबरात मारा व बावान्द्रा यांनी मिळून काळजीवाहू सरकार चालवावे असा समझोता झाला. ती युती जन्मास येण्याच्या आतच, २५ सप्टेंबर रोजी, राबुकांनी दुसरा उठाव केला. ऑक्टोबरात फिजी प्रजासत्ताक म्हणून घोषित झाला व राष्ट्रकुलातून बाहेर पडला. भारताने व्यापारावर निर्बंध घातले. १९९० साली सुवा येथील भारतीय वकिलातही बंद झाली आणि ती पुन्हा उघडण्यास १९९९ साल उजाडावे लागले. बावान्द्रा १९८९ च्या नोव्हेंबरात वारले. भारतीय वंशाचे हजारो डॉक्टर, शिक्षक, कारकून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडाकडे निघून गेले. २००७ च्या शिरगणतीत त्या समाजाचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर उतरले होते.

१९९० च्या नव्या घटनेने ७० पैकी ३७ जागा मूळ फिजी लोकांना व २७ भारतीयांना दिल्या, आणि पंतप्रधानपद मूळ फिजी व्यक्तीलाच मिळेल असे ठरविले. असे सगळे बंदोबस्त करूनही माशी शिंकली. १९९२ च्या निवडणुकीत सरदारमंडळाच्या आशीर्वादाने निघालेला राबुकांचा पक्ष मोठा ठरला, पण त्याला स्वबळावर बहुमत नव्हते, आणि पंतप्रधानपदाला पक्षातच प्रतिस्पर्धी होता. तेव्हा राबुकांनी हात पसरला तो कोणापुढे? ज्या मजूर पक्षाचे सरकार त्यांनी बंदुकीने घालविले होते त्याच पक्षापुढे. महेंद्र चौधरींच्या नेतृत्वाखालील त्या पक्षाने घटनेचा फेरविचार व अन्य काही अटींवर पाठिंबा दिला. सिद्धान्तवाद्यांना हे लाजिरवाणे वाटले, आणि अटी लवकर पाळल्या न गेल्यामुळे मजूर पक्षालाही पुढे पश्चात्ताप करण्याची वेळ आली. परंतु पाच वर्षांपूर्वी ज्यांना ट्रकात बसविले त्यांच्या मतांवाचून आपण खुर्चीवर बसू शकत नाही, हे ज्ञान राबुकांना या व्यवहाराने झाले.

त्या ज्ञानाचे फळ १९९७ ची राज्यघटना. न्यूझीलंडचे माजी गव्हर्नर-जनरल सर पॉल रीव्ह्ज यांच्या अध्यक्षतेखालील आयोगात फिजीचे तोमासी वाकातोरा व इतिहासकार ब्रिज लाल हे दोघे सभासद होते. एक मूळ फिजी, दुसरा गिरमिटियांचा वंशज. त्यांच्या अहवालावर राबुका व विरोधी पक्षनेते जयराम रेड्डी यांनी बसून मतैक्य घडविले. जून १९९७ मध्ये रेड्डींनी सरदारांच्या महासभेपुढे भाषण केले. तेथे बोलावयास उभा राहिलेला भारतीय वंशाचा तो पहिला नेता. नव्या घटनेने ७१ पैकी २५ जागा सर्वांना खुल्या केल्या, आणि सभागृहाच्या एकदशांश जागा मिळविणाऱ्या कोणत्याही पक्षाला मंत्रिमंडळात वाटा मिळण्याचा हक्क दिला. संमिश्र सरकार ही तडजोड न राहता कायदा झाली. विवाह करावा की नाही हे ज्यांनी ठरवावयाचे त्यांना मंडपात उभे राहण्याचा हुकूम झाला, असे म्हटले तरी चालेल.

मे १९९९ मध्ये या घटनेखाली पहिली निवडणूक झाली, आणि मतदारांनी घटनेच्या दोन्ही शिल्पकारांना घरी बसविले. रेड्डींच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. राबुकांच्या पक्षाला अवघ्या ८. आपल्या जमातीचे हित विकले, असा आरोप दोघांवर आपापल्या लोकांतूनच झाला होता. मजूर पक्षाने ३७ जागा मिळवून निर्विवाद बहुमत घेतले, आणि गिरमिटियाचे नातू महेंद्र चौधरी हे फिजीचे भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले. मित्रपक्षांसह बनविलेल्या त्यांच्या मंत्रिमंडळात निम्म्याहून अधिक मंत्री मूळ फिजी होते. पुढच्या वर्षी त्याच तारखेला, १९ मे २००० रोजी, जॉर्ज स्पेट नावाच्या एका दिवाळखोर व्यापाऱ्याने सशस्त्र साथीदारांसह संसदेत शिरून पंतप्रधान व त्यांचे सहकारी यांना ओलीस धरले. ५६ दिवस ते कोंडलेले राहिले. सेनाप्रमुख व्होरेके बैनिमारामा यांनी लष्करी कायदा पुकारला, ओलिसांची सुटका करविली व स्पेटला पकडले. परंतु चौधरींना सत्तेवर परत बसविले नाही. (स्पेटला झालेली जन्मठेप २०२४ मध्ये माफ झाली.)

त्या काळात घडलेली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. दंगलीत घरदार सोडावे लागलेला मुआनिवेनी भागातील एक साधा शेतकरी न्यायालयात गेला, आणि राज्यघटना अद्याप जिवंत आहे असे जाहीर करावे अशी त्याने मागणी केली. मार्च २००१ मध्ये अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. बंदुकीने घटना मरत नाही असे एखाद्या न्यायालयाने सांगावे, आणि हंगामी सरकारने तो निकाल मानून निवडणूक घ्यावी, ही गोष्ट जगात फार वेळा घडलेली नाही.

निवडणुकीनंतर पंतप्रधान झालेल्या लाइसेनिया करासे यांनी घटनेने सांगितलेला वाटा मजूर पक्षाला देण्याचे टाळले. वरिष्ठ न्यायालयाने २००३ साली कान पिळल्यावर त्यांनी दुय्यम खात्यांचा ढीग पुढे केला, आणि मजूर पक्षाने तो नाकारला. २००६ च्या मे महिन्यात मात्र खरेखुरे बहुपक्षीय मंत्रिमंडळ बनले व मजूर पक्षाचे नऊ मंत्री त्यात बसले. घटनेची कल्पना प्रथमच कागदावरून उतरू पाहत होती. ५ डिसेंबर २००६ रोजी बैनिमारामांनी तेही सरकार उलथविले. २००० च्या बंडखोरांना सवलत देऊ पाहणाऱ्या विधेयकावरून त्यांचे करासेंशी हाडवैर जडले होते, आणि आपण जातीयतेविरुद्ध उभे आहोत असे ते सांगत. चौधरी या लष्करी राजवटीत काही काळ अर्थमंत्री झाले! मागच्या उठावाने ओलीस धरलेला मनुष्य पुढच्या उठावाचा मंत्री व्हावा, यावर काय भाष्य करावे? एप्रिल २००९ मध्ये अपील न्यायालयाने ही राजवटही अवैध ठरविली. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींनी घटना रद्द केली. पुढे घटनातज्ज्ञ यश घई यांच्या आयोगाने केलेला मसुदाही सरकारने बाजूस सारला, त्याच्या छापील प्रती पोलिसांनी ताब्यात घेतल्या, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये सरकारने स्वतःची घटना लागू केली.

या घटनेविषयी एकाच दमात चांगले व वाईट बोलावे लागते. तिने जमातवार मतदारसंघ पुसून टाकले, सर्व नागरिकांना ‘फिजियन’ हे एकच नाव दिले, सारा देश एक मतदारसंघ केला. दुसऱ्या बाजूस उठाव करणाऱ्यांना कायमचे अभय दिले, घटनेत बदल करणे जवळजवळ अशक्य करून ठेवले, आणि देशाचे ‘कल्याण’ पाहण्याची जबाबदारी सैन्यावर टाकली. तिच्याखाली २०१४ साली झालेल्या निवडणुकीत बैनिमारामांच्या फिजी फर्स्ट पक्षाने ५० पैकी ३२ जागा जिंकल्या. २०१८ साली ५१ पैकी २७ मिळाल्या. त्या वेळी समोर विरोधी पक्षाचे नेते म्हणून उभे होते सितिवेनी राबुका.

१४ डिसेंबर २०२२ च्या निवडणुकीत ५५ जागा होत्या. बहुमतास २८ हव्यात. फिजी फर्स्टला २६ मिळाल्या, राबुकांच्या नव्या पीपल्स अलायन्सला २१, आणि फेडरेशन पक्षाला ५. म्हणजे २६ विरुद्ध २६. मधोमध उभा होता मूळ फिजी लोकांत पाया असलेला सोडेल्पा हा पक्ष, तीन जागा घेऊन. १९८७ मध्ये ज्या फेडरेशन पक्षाला राबुकांनी संसदेतून हाकलले तो आता त्यांच्या बरोबर होता, आणि निवडणुकीआधीच जाहीरपणे त्याने ही युती केली होती.

पुढचे दहा दिवस सुवामध्ये कोणाला झोप लागली असेल असे वाटत नाही. मतमोजणीतील गोंधळाबद्दल राबुकांनी सेनाप्रमुखांकडे दाद मागितली. सेनाप्रमुख जोने कालोउनिवाई यांनी हस्तक्षेपास नकार दिला. जन्मभराच्या सवयीने एकाने ठोठावलेले दार दुसऱ्याने उघडले नाही, आणि माझ्या मते त्या निवडणुकीतील सर्वांत मोठा निर्णय तोच होय. सोडेल्पाने दोन्ही बाजूंशी बोलणी केली. सरदारांची महासभा, विद्यार्थ्यांची कर्जे, एवढेच नव्हे तर जेरुसलेमला वकिलात उघडणे, असे विषय त्यात होते. पक्षाचे नेते विलियामे गावोका यांचे जावई फिजी फर्स्टचे सरचिटणीस, हाही योग विचित्रच. २० डिसेंबर रोजी पक्षाच्या कार्यकारी मंडळाने १६ विरुद्ध १४ मतांनी राबुकांच्या बाजूने कौल दिला. मतदानाच्या वैधतेवर आक्षेप आला. मधल्या काळात अल्पसंख्याकांच्या सुरक्षेचे कारण देऊन पोलिसांच्या मदतीस सैनिक बोलावण्यात आले, आणि जुन्या आठवणींनी लोकांच्या पोटात गोळा उठला. २३ तारखेस पुन्हा मत घेतले गेले: १३ विरुद्ध १२. दुसऱ्या दिवशी, नाताळच्या आदल्या दिवशी, संसद भरली. २१, ५ व ३ मिळून राबुकांच्या पारड्यात २९ मते पडावयास हवी होती. पडली २८. कोणी तरी एकाने घात केला, आणि तरीही एका मताने सरकार आले. सोळा वर्षांनंतर बैनिमारामा पंतप्रधानपदावरून उतरले, आणि सैनिक बराकीतच राहिले.

फेडरेशन पक्षाचे बिमन प्रसाद नव्या सरकारात उपपंतप्रधान व अर्थमंत्री झाले. १४ मे २०२३ रोजी, गिरमिटदिनी, सुवा येथे मेथडिस्ट चर्चने भरविलेल्या सभेत १९८७ च्या कृत्यांबद्दल राबुकांनी भारतीय समाजाची क्षमा मागितली. तिचा स्वीकार सर्वांनी केला असे नाही. ज्यांची माणसे देशोधडीला लागली त्यांना एका प्रार्थनेने काय परत मिळणार? फिजी फर्स्ट पक्ष अंतर्गत कलहाने मोडला आणि जुलै २०२४ मध्ये त्याची नोंदणीच रद्द झाली.

२०१३ च्या घटनेचे कुलूप मात्र नव्या सरकारपुढे तसेच होते. घटनादुरुस्ती सुलभ करण्याचे विधेयक मार्च २०२५ मध्ये संसदेत तीन-चतुर्थांश मतांअभावी पडले. सरकारने वरिष्ठ न्यायालयाचा सल्ला मागितला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने सांगितले की घटना कशीही आली असली तरी ती आता देशाचा कायदा आहे, परंतु तिच्या दुरुस्तीस संसदेची दोन-तृतीयांश मते आणि सार्वमतात मतदान करणाऱ्यांचे साधे बहुमत पुरेसे होईल.